परदेशी मेजवानी, दख्खनी पंगत



ज्या शाळेच्या पटांगणात मी पाटी-दप्तर घेऊन धावलो, त्याच शाळेने आज मला व्याख्याता म्हणून बोलावले, याचा आनंद मोठा आहे आणि संकोचही तितकाच आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर मी इतिहासाच्या तासाला कितीतरी वेळा निरुत्तर उभा राहिलो आहे. गुरुजी इतिहास शिकवीत ते सनावळीपासून नव्हे. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ते वर्गात विचारीत, ‘काल उपासाला काय खाल्लेत?’ आम्ही मोठ्या उत्साहाने सांगत असू, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी. मग गुरुजी शांतपणे सांगत, ‘बटाटा, शेंगदाणा, त्यातली मिरची आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हे सारे अमेरिका खंडातले. म्हणजे उपास तुमचा आणि ताट परक्याचे!’ आणि क्षणभर थांबून पुढे म्हणत, ‘आता ते परक्याचे राहिले आहे का, याचा विचार करून उद्या या.’

त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला साठाहून अधिक वर्षे लागली. ते उत्तर आज गुरुजींच्या स्मृतीपुढे मांडावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे. दुसऱ्या देशातला सण किंवा त्या सणाची मेजवानी एखादा समाज आपली म्हणून केव्हा स्वीकारतो, त्या स्वीकारात काय मिळवतो आणि काय विसरतो, हा माझा विषय आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपण ज्या नामपल्लीत बसलो आहोत ती पुरेशी आहे.

नामपल्ली या नावापासूनच आरंभ करू. कुतुबशाहीच्या उत्तरकाळात अब्दुल्ला कुतुबशहाच्या पदरी रझा कुली नावाचा एक मोठा सरदार होता. त्याला ‘नेकनाम खान’ असा किताब होता. त्याच्या जहागिरीतली वस्ती म्हणून या भागाला नामपल्ली हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ती ग्राह्य धरली तर नावाचा पूर्वार्ध फारसी आणि उत्तरार्ध तेलुगू ठरतो. या फारसी-तेलुगू नावाच्या वस्तीत आपण मराठी शाळेच्या आठवणी काढीत आहोत! १९०७ साली इथे रेल्वेचे स्थानक झाले आणि मराठवाड्यातून येणारा विद्यार्थी, कारकून, वकील ट्रंक आणि वळकटी घेऊन याच परिसरात उतरू लागला. यूसुफैन दर्ग्याच्या आवारात उर्दूतले दाग देहलवी आणि अमीर मीनाई हे दोन थोर कवी चिरनिद्रा घेत आहेत. ते दोघेही उत्तरेतून आलेले. नामपल्लीत मूळचे कोण आणि पाहुणे कोण, हे ठरविणे कठीण आहे.

आपल्या भाषेचीही अवस्था तीच. ‘सण’ हा शब्द संस्कृत ‘क्षण’पासून प्राकृतातून आला. ‘पंगत’ ही ‘पंक्ती’ची लेक. पण ‘मेजवानी’? फारसीत ‘मेजबान’ म्हणजे यजमान आणि ‘मेजबानी’ म्हणजे यजमानपण, पाहुणचार. मराठीने हा शब्द घेतला तेव्हा यजमान मागे राहिला आणि त्याने वाढलेले जेवण पुढे आले. शब्दाच्या या छोट्याशा प्रवासात माझ्या आजच्या विषयाचे सार आहे, असे मला वाटते. आपण परक्याचे अन्न घेतो तेव्हा पुष्कळदा वाढणारा माणूस विसरतो.

दख्खनमध्ये परदेशातून आलेल्या सणांमध्ये ज्याची नोंद साहित्यात ठळकपणे सापडते असा सण म्हणजे नवरोज. सूर्य वसंतसंपातावर येतो, दिवस आणि रात्र समान होतात, तो इराणचा वर्षारंभ. साधारणपणे २० किंवा २१ मार्च. इराणी घरांतून त्या दिवशी ‘स’ या अक्षराने आरंभ होणाऱ्या सात वस्तू मांडण्याची रीत आहे. त्यात लसूण, सफरचंद, सिरका यांच्या बरोबरीने ‘समनू’ नावाचा एक पदार्थ असतो. गव्हाला मोड आणून, वाटून, त्याचा रस रात्रभर ढवळीत शिजवून तो करतात. बायका कढईभोवती जमतात आणि आळीपाळीने ढवळतात. हा गहू आणि हे ढवळणे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हा इराणातल्या हमदानकडून दख्खनेत आलेला. त्याच्या वंशातल्या मुहम्मद कुली कुतुबशहाने (राज्यकाल १५८० ते १६१२) १५९१ मध्ये हैदराबाद वसविले. नगररचनेत ज्याचा हात होता असे मानतात, तो त्याचा मंत्री मीर मोमीन हा इराणातल्या अस्तराबादचा. त्याच्या पदाचे नाव काय होते? ‘पेशवा’! ज्या शब्दाने पुढे मराठी इतिहासाचे एक शतक व्यापले, तो शब्द गोवळकोंड्याच्या दरबारात आधीच रुळलेला होता.

मुहम्मद कुली स्वतः दख्खनी भाषेचा कवी. त्याचा काव्यसंग्रह मुहिउद्दीन कादरी ‘जोर’ यांनी १९४० साली संपादून प्रसिद्ध केला. त्या संग्रहात ईद आहे, नवरोज आहे, वसंत आहे आणि मृगही आहे. पहिल्या पावसाचा मृग! इराणी रक्ताचा हा सुलतान इराणच्या वसंतारंभावर लिहितो आणि त्याच लेखणीने दख्खनच्या शेतकऱ्याच्या मृगावरही लिहितो. सणांची ही देवघेव त्या काळी दरबाराला विचित्र वाटत नव्हती, हे यावरून उघड दिसते.

उत्तरेत त्याच सुमारास अकबराने १५८४ मध्ये इलाही सन सुरू करून वर्षारंभ नवरोजाला नेला. मोगल दरबारात हा मोठा उत्सव झाला. परंतु औरंगजेबाने गादीवर आल्यावर दरबारातला नवरोज बंद केला, आणि १६८७ मध्ये त्याच औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला. यजमान गेला, मेजवानीही गेली. नवरोज हैदराबादेतून नाहीसा झाला असे मात्र म्हणता येत नाही. शिया घरांतून तो पाळला जातो आणि पारशी मंडळी जमशेदी नवरोज करतात. या पारशांमध्ये तारापूरच्या विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या बंधूंची पेढी प्रसिद्ध होती. आज पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या त्या किनाऱ्यावरून आलेल्या या घराण्याने निजामाला कर्जे दिली, आणि सिकंदराबादची १८४७ मधील अग्यारी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तरीही नवरोज हा सगळ्या शहराचा सण झाला नाही.

त्याची खूण उरली ती कागदावर. निजामाच्या राज्यात सरकारी व्यवहाराला फसली सन चाले आणि त्याचे महिने इराणी होते, आजुर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, आर्दीबहिश्त. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतिथी अशा इराणी महिन्यात लिहिलेली होती. शेतसारा भरणारा मराठवाड्यातला कुणबीही हप्ता ‘बहमन’मध्ये की ‘फरवर्दी’त हे जाणत होता. पण त्या महिन्यांच्या देशातला सण त्याच्या घरी कधी आला नाही. त्याने महिना घेतला तो साऱ्यासाठी, आनंदासाठी नव्हे. वरून आलेली गोष्ट माणूस पाळतो. ती त्याची होतेच असे नाही.

आता दुसऱ्या मेजवानीकडे वळू. ती दरबारातून नव्हे, सैनिकांच्या चुलीवरून आली. तिची वाट मात्र मराठ्यांच्या इतिहासातून जाते, आणि हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

अरबस्तानाच्या दक्षिण टोकाला हद्रमौत नावाचा प्रदेश आहे, आजच्या येमेनमध्ये. कोरडा मुलूख, थोडी शेती आणि समुद्रापार जाऊन पोट भरण्याची परंपरा. तिथले लोक अठराव्या शतकात मोठ्या संख्येने हिंदुस्थानात आले आणि मराठी सत्तांच्या फौजांत शिरले. पेशव्यांच्या, नागपूरकर भोसल्यांच्या पदरी अरबांच्या तुकड्या होत्या. किल्ला राखावा तर अरबाने, अशी त्यांची ख्याती होती. डिसेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूर शहर लढविले ते अरबांनी. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूला अरब पायदळ होते. मालेगावचा किल्ला जून १८१८ पर्यंत इंग्रजांशी झुंजला तोही मुख्यतः अरबांच्या बळावर. मराठी सत्ता कोसळल्यावर इंग्रजांना हे लढवय्ये आपल्या मुलखात नको होते. त्यातले कित्येक निजामाच्या राज्यात आले.

मराठवाड्यात आजही ‘चाऊस’ आडनावाची कुटुंबे गावोगाव आहेत. हा शब्द मूळ तुर्की, हाताखाली शिपाई असणाऱ्या लहान अंमलदाराचा. आपल्याकडे तो अरबी वंशाच्या माणसाचे नाव होऊन बसला. परभणी-नांदेडकडचा चाऊस घरात उर्दू आणि बाजारात अस्सल मराठवाडी मराठी बोलतो, हे श्रोत्यांपैकी पुष्कळांनी अनुभवले असेल.

हैदराबादेत अरब जमादारांचे प्रस्थ वाढले. ते फौजेत होते, सावकारांच्या पेढ्यांवर पहारा देत, कर्जाची वसुली करीत आणि त्यांच्यातले काही स्वतःच सावकार झाले. त्यांच्या तगाद्याची धास्ती खेड्यापाड्यांतून होती, हेही विसरून चालणार नाही. पहिल्या सालारजंगांना १८५३ पासूनच्या आपल्या दिवाणगिरीत त्यांची सत्ता आवरण्यासाठी कष्ट घ्यावे लागले. याच जमादारांपैकी उमर बिन अवद अल-कुऐती याच्या घराण्याने हैदराबादेत मिळविलेल्या पैशावर थेट हद्रमौतमध्ये राज्य उभारले. ते १९६७ पर्यंत टिकले. शहराच्या दक्षिणेला अरब शिपायांची वस्ती होती. ‘बॅरॅक्स’ या इंग्रजी शब्दाचे लोकांच्या जिभेवर ‘बारकस’ झाले आणि तेच नाव आजतागायत चालू आहे.

या शिपायांनी बरोबर आणला ‘हरीस’. अरबीत या धातूचा अर्थच कुटणे, चेचणे. गहू भिजवून मांसाबरोबर तासन्‌तास शिजवायचा आणि घोटून एकजीव करायचा. मीठ, तूप, फार तर थोडी दालचिनी. दहाव्या शतकात बगदादेत रचलेल्या इब्न सय्यार अल-वर्राक याच्या पाकग्रंथात हा पदार्थ आहे. ‘आईने अकबरी’तल्या पदार्थांच्या यादीत ‘हरीसा’ही आहे आणि ‘हलीम’ही आहे. म्हणजे हिंदुस्थानाला हे नाव अगदीच नवे नव्हते. परंतु हैदराबादी हलीमची परंपरा इथले लोक अरबांच्या हरीसशी जोडतात, आणि बारकसमध्ये आजही मिळणारा साधा, पांढरट हरीस पाहिला की ते नाते पटते. तो कोणी तूप घालून खातात, कोणी वरून साखर पेरून.

साध्या हरीसचा हैदराबादी हलीम कसा झाला? कुऐती घराण्यातल्या सुलतान सैफ नवाज जंग यांच्या दस्तरखानावर हा पदार्थ आला आणि तिथून उमरावांत पसरला, असे सांगतात. हैदराबादी आचाऱ्याने त्यात डाळी घातल्या, आले-लसूण, मिरची, गरम मसाला घातला, वर तळलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि काजू आले. विटामातीच्या भट्टीत डेग बसवून, लाकडाच्या जाळावर दहा-बारा तास शिजविणे आणि दोन माणसांनी लांब दांड्याच्या लाकडी घोटण्यांनी ते घोटणे, ही त्याची कृती. १९५०च्या दशकापासून इराणी उपाहारगृहांनी तो सामान्य गिऱ्हाइकापुढे ठेवला. अरबांचा पदार्थ, इराण्याचे दुकान, दख्खनी मसाला आणि तेलुगू, मराठी, मारवाडी, कन्नड गिऱ्हाईक! दिवसभराच्या रोज्यानंतर सावकाश पचणारे आणि अंगात ताकद देणारे अन्न म्हणून रमजानाशी त्याची सांगड पक्की बसली. पुढे तर रमजानाचीही अट उरली नाही. १९३८ साली सुरू झालेल्या आणि १९४६ पासून आपल्या शेजारच्या मैदानावर दर जानेवारीत भरणाऱ्या ‘नुमाइश’मध्ये, महिना कोणताही असो, हलीमच्या डेगी चढलेल्या दिसतात. २०१० साली हैदराबादी हलीमला भौगोलिक उपदर्शनाचा मान मिळाला आणि २०२३ साली आखाती देशांच्या हरीसची नोंद युनेस्कोच्या वारशाच्या यादीत झाली. माहेर आणि सासर दोन्हीकडे सन्मान झालेली लेक म्हणावी ती अशी.

आता पहिला प्रश्न. नवरोज राजवाड्यात आला, शहराने पाहिला आणि राजवाड्याबरोबर मावळला. हरीस बराकीत आला आणि शहराचा होऊन राहिला. असे का झाले? माझे उत्तर असे आहे. दरबारी मेजवानीत खाणाऱ्याला हात लावण्याची मुभा नसते. तिथे तो पाहुणा असतो आणि पाहुणाच राहतो. हलीमच्या बाबतीत मात्र प्रत्येकाने डेगीत आपली भर घातली, कोणी डाळ, कोणी कांदा, कोणी लिंबू. ज्यात आपला हात लागतो ते आपले होते. यजमानाचे बळ संपले की त्याची मेजवानी संपते. पण खाणाऱ्यांनीच यजमानपण घेतले तर तिला अंत नसतो.

इथे व्याख्यान संपविता आले असते. ‘गंगा-जमनी संस्कृती’ या शब्दाने समारोप करून टाळ्याही मिळाल्या असत्या. परंतु गुरुजींच्या नावाच्या व्यासपीठावर अर्धे सत्य सांगणे मला शोभणार नाही.

१९४८चे वर्ष आठवा. रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाड्यातली गावे होरपळली. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आले. आपल्या वडीलधाऱ्यांनी त्यासाठी तुरुंग भोगला, घरदार सोडले. त्या मुक्तीचा अभिमान मला वारशाने मिळाला आहे. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात कित्येक निरपराध मुसलमानांचे बळी गेले, हेही इतिहासच सांगतो. निजामाच्या फौजेतल्या आणि शहरातल्या अरबांना नजरकैदेत ठेवण्यात आले. त्यांना ‘आपल्या देशी’ परत पाठवावे, असा विचार झाला आणि काहींना पाठविलेही. पण ज्याचा पणजोबा मालेगावच्या तटावर लढला, ज्याची आई आणि आजी दख्खनी, त्याचा देश कोणता? अशा परमुलखात जन्मलेल्या संततीला हद्रमौतमध्ये ‘मुवल्लद’ म्हणतात, म्हणजे तिथेही तो पुरता आपला नव्हे. इथे परका, तिथे अर्धा. ज्यांच्या चुलीवरचा पदार्थ शहराने पोटात घातला, त्या माणसांना शहराने त्या वर्षी आपले म्हटले नाही.

आमच्या घराची एक गोष्ट सांगतो. ती माझ्या जन्माआधीची आहे आणि मी ती आईकडून ऐकली. वडील रेल्वेच्या कचेरीत कारकून. १९४७-४८ मध्ये सत्याग्रहात भाग घेतला म्हणून काही महिने तुरुंगात होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक अरब कुटुंब राहत असे. घरचे कर्ते एका पेढीवर पहारेकरी होते आणि सारी गल्ली त्यांना ‘जमादारसाहेब’ म्हणे. आम्ही शाकाहारी, म्हणून त्यांच्या घरी हरीस झाला की आमच्याकडे कोरडा शिधा येई, सडलेले गहू, तूप आणि साखर, नव्या रुमालात बांधून. आई त्या गव्हाची खीर करी आणि त्यातली वाटीभर परत त्यांच्याकडे जाई. गहू तेच, सडणे-घोटणे तेच. त्यांच्याकडे त्याचा हरीस होई, आमच्याकडे खीर. इराणातल्या समनूची कढई मी पुढे पुस्तकांत वाचली तेव्हा मला आईचे पातेलेच आठवले.

१९४९चा रमजान ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी आला. जमादारसाहेबांचा धाकटा भाऊ तेव्हा नजरकैदेत होता. त्या वर्षी शिधा आला नाही. लाजेने आला नाही की भीतीने, हे विचारण्याचे दिवस नव्हते. वडील नुकतेच सुटून आलेले आणि गल्लीत त्यांचा सत्कार झालेला. आईने ईदेपर्यंत वाट पाहिली. मग रिकामे पातेले घेऊन ती त्यांच्या दारात गेली आणि जमादारीणबाईंना म्हणाली, ‘भाभी, हमारा हिस्सा कां है?’ ती माउली उंबऱ्यातच रडू लागली. आई सांगे, ‘मी काही धीर द्यायला गेले नव्हते रे. आपला वाटा होता, तो मागायला गेले.’

वडील दोन दिवस बोलले नाहीत. त्यांच्या रागालाही कारण होते. तुरुंगातले दिवस ताजे होते. तिसऱ्या दिवशी खीर ताटात आली तेव्हा त्यांनी ती खाल्ली, हात धुतले आणि जमादारसाहेबांना बोलावून त्यांच्या भावाच्या सुटकेचा अर्ज स्वच्छ अक्षरात लिहून दिला. भाऊ दुसऱ्या वर्षी सुटून आला. तो त्या अर्जामुळे सुटला असे आईही कधी म्हणाली नाही.

पाहुणचार म्हणजे देणे, अशी आपली समजूत आहे. आईने मला दुसरी बाजू शिकविली. ज्याची मान खाली गेली आहे त्याच्या दारात जाऊन आपला वाटा मागणे, त्याला पुन्हा यजमान करणे, हाही पाहुणचारच. परक्याची मेजवानी आपलीशी करणे याचा खरा अर्थ मला तिथे सापडला. आपण त्याचा पदार्थ उचलून आपल्या घरी शिजविला, एवढ्याने ते पुरे होत नाही. त्याचे यजमानपण मान्य केले, तर ते पुरे होते.

आणि बोट दुसऱ्याकडे दाखविताना आपली पंगतही पाहावी. ‘पंक्ती’ या सुंदर शब्दाआड आपण किती पंगती वेगळ्या मांडल्या! कोणाचे पान आत, कोणाचे ओसरीवर, कोणाचे अंगणाबाहेर. आमच्या आईनेही जमादारांकडचा शिधा घेतला तो कोरडा. शिजविलेले अन्न तिने कधी घेतले नाही. आहाराचा नियम म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण त्यांच्या घरचे पाणीही ती घेत नसे, आणि त्याला आहाराचे कारण देता येत नाही. उतारवयात तिने स्वतःच मला हे सांगितले आणि म्हणाली, ‘तेवढे माझे चुकले.’ मी पुढे पुष्कळ ग्रंथ वाचले, प्रबंध लिहिला. त्या तीन शब्दांइतका प्रामाणिक इतिहास मला क्वचित भेटला.

मित्रहो, रमजानाच्या संध्याकाळी या शाळेबाहेर पडलात तर स्थानकाच्या वाटेवर भट्ट्यांभोवती गर्दी दिसेल. रांगेत टिळा लावलेला असतो, टोपी घातलेला असतो, पगडीवाला असतो. ती रांग पाहून मला आनंद होतो, पण तेवढ्यावर समाधान होत नाही. त्या रांगेतल्या किती जणांना बारकस ठाऊक आहे? मालेगावचा तट आठवतो? १९४८ची नजरकैद ठाऊक आहे? अन्न पोटात गेले आणि माणूस बाहेर राहिला, तर तो स्वीकार अर्धाच.

म्हणून या शाळेकडे माझे एक मागणे आहे. माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्यात आपण पंगत घालतो. त्या पंगतीत दरवर्षी एक पदार्थ बाहेरून आलेला असावा आणि तो वाढण्यापूर्वी एखाद्या विद्यार्थ्याने उभे राहून तो कोठून, कोणाच्या हातून, कोणत्या संकटातून आपल्यापर्यंत आला ते पाच मिनिटे सांगावे. आरंभ गव्हाच्या खिरीने करावा. ती सर्वांना चालते. आणि ज्यांच्या घरी त्याच गव्हाचा हरीस होतो, त्यांच्यापैकी कोणाला तरी त्या दिवशी यजमानाच्या जागी बसवावे.

गुरुजींनी ‘ते परक्याचे राहिले आहे का?’ असे विचारले होते. त्याचे उत्तर आज देतो. गुरुजी, अन्न केव्हाच आपले झाले. माणूस आपला झाला की नाही, हे दर पिढीला आपला वाटा मागायला जाऊन सिद्ध करावे लागते.